अल्बम आहे तसा आणा, फोटो सोडवून आणू नका

आमच्याकडे स्क्रॅपबुक, म्हणजे फोटो-चिठ्ठ्या लावून सजवलेली आठवणींची वही, करायला द्यायचं म्हणून बरेच जण आदल्या रात्री बसून जुन्या अल्बममधले फोटो सोडवतात आणि बिस्किटांच्या डब्यात भरून आणतात. आम्हाला मदत व्हावी हा हेतू असतो, पण काम तिथेच वाढतं.

काळ्या जाड पानांचा, फोटोंना कोपरे लावलेला जुना अल्बम असेल तर फारसं बिघडत नाही. घोळ आहे तो ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या चिकट पानांच्या अल्बमचा. पानावर फोटो ठेवायचा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक दाबायचं, तो. इतक्या वर्षांत त्यातला डिंक एक तर सुकून जातो, नाही तर असा धरून बसतो की सुटता सुटत नाही. कुठला फोटो कसा निघेल हे ओढेपर्यंत कळत नाही. ओढताना फोटो दुमडला की पांढरी चीर पडते, ती कायमची.

आमच्याच घरचं सांगते. आईच्या डोहाळजेवणाचा फोटो मी घाईत काढायला गेले. दमट हवेने वरचं प्लास्टिकही फोटोला चिकटलं होतं. फुलांची वाडी घातलेली आई नीट राहिली, शेजारच्या मावशीचा चेहरा मात्र प्लास्टिकबरोबर निघून आला. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून आम्ही आधी अख्खं पान जागेवरच स्कॅन करतो, लहान फोटो असतील तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने. मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे फिरवतो. निघाला तर ठीक, अडला तर हात थांबवतो, स्कॅन असतोच. एकेका पानाला कधी पाऊण तास जातो. “चार फोटो चिकटवायला पंधरा दिवस कशाला?” याचं उत्तर हे आहे. हेअर ड्रायरने डिंक मऊ होतो हे खरं, पण फोटोही वाकडा होतो. घरी करू नका.

सुट्या फोटोंचा दुसरा तोटा म्हणजे क्रम जातो. बारशाचे तीन फोटो, तिन्ही बाळांना काजळ आणि कुंची. कोण कुठलं, हे अल्बमच्या पानावरूनच कळतं. नावं सांगू शकणारं घरातलं वडीलधारं माणूस असेल तर आणण्याआधी त्यांच्याजवळ बसा. पान नंबर घालून नावं वेगळ्या कागदावर लिहा. फोटोमागे बॉलपेनने लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूने उठतात.

मूळ फोटो आम्ही स्क्रॅपबुकात लावत नाही. आम्लविरहित, म्हणजे लवकर पिवळ्या न पडणाऱ्या कागदावर प्रती छापून त्या लावतो आणि मूळ फोटो कागदी पाकिटात परत देतो. हे थोडं महाग पडतं, पण सेलोटेपने पिवळे झालेले फोटो रोज बघतो, त्यामुळे यात काटकसर करत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाही तर छपाईत फुटतात.

लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, प्रगतिपुस्तक, आजीच्या हातची लोणच्याची चिठ्ठी, असलं काही सापडलं तर तेही आणा. त्यासाठी पानाला खिसा करून देतो, वेगळे पैसे नाहीत.

अल्बम पिशवीत उभा न ठेवता आडवा आणा. डांबरगोळ्यांच्या कपाटातून काढला असेल तर दोन दिवस सावलीत, वारा लागेल असा ठेवा आणि मग या.