क्रेप बँडेज म्हणजे शॉर्ट स्ट्रेच बँडेज नव्हे

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी जांघेतल्या लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पाय सुजू लागला आणि डॉक्टरांनी ‘पट्टी बांधा’ असे सांगितले, की घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानातून सहा इंची क्रेप बँडेज आणते आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधते. महिनाभराने सूज तशीच असते, किंबहुना मांडीत वाढलेली असते, आणि रुग्णाची समजूत होते की पट्टीचा उपाय आपल्याला लागू पडत नाही. प्रत्यक्षात जी पट्टी लागते ती, म्हणजे शॉर्ट स्ट्रेच पट्टी, त्याच्या पायाला अजून बांधलेलीच नसते.

क्रेप बँडेज सर्वांच्या ओळखीचे आहे. मुरगळलेल्या पायाला चार दिवस आधार देण्यासाठी ते उत्तम आहे, आणि त्याविषयी याहून अधिक सांगण्याची गरज नाही. दोन्ही पट्ट्या बहुधा कातडीच्या रंगाच्या असतात, दोन्हींची गुंडाळी सारखीच दिसते, रुंदीही जवळपास तीच असते. किमतीत मात्र मोठा फरक असतो आणि दुकानदार ‘एकच आहे’ म्हणून स्वस्तातली पट्टी हातात ठेवतो. एकच नाही.

आधी सूज कशाची आहे ते पाहू. आपल्या देशात मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर होतो, आणि पायाची लसीका, म्हणजे ऊतींतून परत जाणारा द्रव, जांघेतल्या ग्रंथींमधून पुढे जाते. त्या ग्रंथी काढल्या की वाटच तुटते. प्रथिनांनी भरलेला द्रव ऊतींत साचतो आणि कालांतराने तिथली कातडी व चरबी कठीण होऊ लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, लसीका सर्वांत आधी जिथे पोहोचते त्या सेंटिनेल ग्रंथीत मेलानोमा सापडल्यावर उरलेल्या ग्रंथीही काढलेल्या रुग्णांपैकी २४.१ टक्के जणांना अशी सूज आली, तर उरलेल्या ग्रंथी न काढता नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ६.३ टक्के जणांना. ही सूज म्हणजे नुसते पाणी नव्हे, म्हणून लघवीच्या गोळ्यांनी ती जात नाही. गोळी पाणी काढते, प्रथिने तिथेच राहतात. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी दिलेली गोळी अर्थातच चालू ठेवावी. पण केवळ या सुजेसाठी वर्षानुवर्षे ती घेत राहणे मला मुळीच मान्य नाही.

आता मुख्य फरक. ‘शॉर्ट स्ट्रेच’ या नावाचा अर्थ पट्टी थोडीशी ताणून बांधावी असा अनेकजण घेतात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. हे नाव बांधण्याच्या पद्धतीचे नसून कापडाच्या गुणाचे आहे. जे कापड पूर्ण ताणल्यावरही मूळ लांबीच्या दुपटीपर्यंत जात नाही ते शॉर्ट स्ट्रेच, आणि जे दुपटीच्याही पुढे जाते ते लाँग स्ट्रेच. दुकानात क्रेप म्हणून मिळणाऱ्या लवचीक पट्ट्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. काही क्रेप पट्ट्या तर नुसत्याच पातळ असतात आणि थोड्याच वेळात सैल पडतात.

पायजम्याचे इलॅस्टिक आणि पायजम्याची नाडी आठवा. घट्ट इलॅस्टिक आपण निजलेले असतानाही कमरेत रुतत राहते, आणि पोट फुगवले की निमूटपणे पोटाबरोबर पसरते. नाडी बेताची बांधली तर निजताना ती जाणवतही नाही. पण पोट फुगवू गेलात तर ती तसूभरही सरकत नाही आणि पोटालाच माघार घ्यावी लागते. पोटरीचेही असेच आहे. पाऊल टाकताना स्नायू आकुंचन पावून फुगतो. लवचीक पट्टी त्याच्याबरोबर बाहेर सरकते, त्यामुळे आतला दाब फारसा वाढत नाही. शॉर्ट स्ट्रेच पट्टी सरकत नाही. स्नायू तिच्यावर आपटतो, दाब एकदम चढतो आणि पाऊल उचलताच उतरतो. हा चढउतारच उरलेल्या लसीकावाहिन्यांतून द्रव पुढे ढकलतो. मोजमापाच्या भाषेत सांगायचे तर, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर पट्टीखालच्या दाबात १० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक फरक पडला, तर ती बांधणी ताठ मानतात.

या एका फरकातून बाकीचे सगळे आपोआप उलगडते. आवळलेले क्रेप रात्री ठणकते, म्हणून रुग्ण ते सोडून ठेवतो आणि सकाळी पाय पुन्हा भरलेला असतो. नीट बांधलेली शॉर्ट स्ट्रेच पट्टी रात्रीही पायावर राहू शकते. मात्र ती चालल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे पट्टी बांधून खाटेवर पडून राहणे हा अर्धाच उपचार आहे. सूज उतरली की ही पट्टी सैल होते, कारण लवचीक पट्टीसारखी ती पायामागे आक्रसत जात नाही. ‘सैल पडली, म्हणजे खराब निघाली’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. सैल पडणे ही पाय बारीक झाल्याची खूण आहे, आणि म्हणूनच सुरुवातीचे दोन ते चार आठवडे ती जवळपास रोज नव्याने बांधावी लागते.

बांधणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावी. आधी बोटांना गॉजची पट्टी, मग सुती नळीदार कापड, त्यावर कापूस किंवा फोमचे अस्तर, आणि त्यावर पंजापासून थेट जांघेपर्यंत पट्टीचे अनेक थर. अस्तर ही चैन नव्हे: ताण तोच ठेवला तरी जिथे पाय बारीक तिथे दाब जास्त पडतो, त्यामुळे कातडीखाली लगेच लागणारे हाड आणि घोटा काचतो. गुडघ्यापर्यंतच बांधलेल्या पट्टीला माझा ठाम विरोध आहे, कारण अडथळा जांघेत आहे आणि द्रव गुडघ्याच्या वर, मांडीतही साचतो. पट्टीबरोबर येणारे धातूचे आकडे फेकून द्यावेत आणि चिकटपट्टी वापरावी. या पायावर झालेला बारीकसा ओरखडाही जंतुसंसर्गाला पुरतो.

पाय एकाएकी सुजून पोटरी दुखू लागली तर आधी डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून शिरेत गुठळी नाही याची खात्री करावी. पाय लाल व गरम होऊन थंडीताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल, हृदय दुबळे असेल किंवा मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही घट्ट पट्टी बांधू नये.

सूज उतरून पाय स्थिरावला की पट्टीची जागा दिवसा घालायचा दाबाचा मोजा घेतो. त्याचे माप पट्टी सोडल्या सोडल्या, पाय खाली सोडून बसण्याआधी घ्यावे, कारण संध्याकाळच्या भरलेल्या पायाच्या मापाने केलेला मोजा सकाळच्या पायाला ढिला होतो आणि दिवसभर त्या ढिल्या मोज्यात पाय पुन्हा भरत जातो.