लासलगावचा कांदा आणि पायथॉनची लेबलं

माझा भाचा इथे गंगापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाला, मामा, लोक फुकट वाटतात ती पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची मॉड्यूल्स, म्हणजे तयार कोडचे तुकडे, लाखांवर गेलीत, नीट फोल्डर केले की झालं ना? नाही होत, आणि का नाही ते मला इतकं आवडतं की लिहायलाच बसलो.

फोल्डरमध्ये वस्तू एकाच जागी बसते. पावसाचा नकाशा काढणारं मॉड्यूल हवामानात टाकायचं की चित्रांत? लासलगावचा कांदा बघा, लाल की उन्हाळ हा एक प्रश्न, गोल्टी की मोठा हा वेगळा, एकाचं उत्तर कळलं म्हणून दुसऱ्याचं कळत नाही. ग्रंथालयांतल्या पुस्तकांसाठी हाच प्रश्न रंगनाथन यांना पडला होता. ते मूळचे मद्रासचे गणिताचे शिक्षक, लंडनच्या दुकानात मेकॅनो हे सुटे भाग जोडायचं खेळणं बघून त्यांना सुचलं की विषयांचे तयार कप्पे नकोत, सुटे भाग ठेवा आणि लागतील तसे जोडा. जोडायला कोलनचं चिन्ह (:) घेतलं, १९३३ साली कोलन वर्गीकरण छापलं.

पायथॉनची मॉड्यूल्स जिथे ठेवलेली असतात त्या पायपीआय या साइटवर लेबलं अशीच सुटी असतात, विषय, लायसन्स, ऑपरेटिंग सिस्टिम, काम कुठवर आलंय, आणि गंमत म्हणजे मधे दोन कोलन! आता हिशोब बघा. विषय १०, लायसन्स ५, कामाचे टप्पे ७ (पायपीआयवर खरंच सातच आहेत) धरले तर फोल्डर लागतात १० × ५ × ७ म्हणजे ३५०, लेबलं मात्र १० + ५ + ७ म्हणजे फक्त २२. प्रत्येक लेबलाची एक यादी, आणि शोधणं म्हणजे शाळेतला संचांचा छेद, तीन याद्यांत जे सामाईक तेच तुमचं उत्तर. त्यातही आधी सगळ्यात छोटी यादी घ्यायची आणि तिच्यातलं एकेक नाव बाकीच्या याद्यांत आहे का बघायचं, उलट केलंत तर लाखभर नावं उगाच चाळावी लागतात.

लेबल लावतो मॉड्यूल लिहिणाराच. पायपीआय फक्त ते ठरलेल्या यादीतलं आहे का तपासतं, खरं आहे का ते नाही. म्हणून ‘स्टेबल’ लिहिलंय किंवा लोकांनी पसंतीचे स्टार भरपूर दिलेत यावर विसंबणं मला पत्रिका बघून लग्न ठरवण्यासारखंच वाटतं, टेस्ट चालवून बघा, शेवटचा बदल कधी झालाय बघा.

त्या यादीत भाषांची लेबलंही आहेत आणि त्यात मराठी आहे. भाच्याने मराठी शब्दांचे प्रत्यय सुटे करणारं छोटं मॉड्यूल लिहिलंय, ते लेबल त्याला काल रात्री लावायला लावलं.