जूडीची रात्र, रूफसचा गळा

१४ आणि १५ जून २००६. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रूफस वेनराइट हा ३२ वर्षांचा गायक-गीतकार लागोपाठ दोन रात्री मंचावर आला आणि त्याने स्वतःचं एकही गाणं म्हटलं नाही. म्हटली ती अमेरिकी गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंडने याच मंचावर २३ एप्रिल १९६१ च्या रविवारी म्हटलेली गाणी. त्याच क्रमाने, पूर्ण वाद्यवृंदासह, तशाच वाद्यसंयोजनात. दोन्ही दिवसांची तिकिटं संपली होती.

एखाद्याच्या गाण्यांचा कार्यक्रम करणं यात नवल काही नाही. ‘स्वरांजली’ आणि ‘गाणी अमक्यांची’ असे प्रयोग आपल्याकडे पैशाला पासरी. पण मल्लिकार्जुन मन्सूर अमुक रात्री जे गायले ते त्याच क्रमाने, तेवढ्याच वेळात, त्याच ताना घेऊन गाऊन दाखवतो, असं कुणी म्हणालं तर त्याला लोक वेड्यात काढतील. ख्याल कागदावर नसतो, तो त्या रात्रीपुरता असतो. ब्रॉडवे आणि हॉलिवूडच्या गाण्यांचं तसं नाही. तिथे ट्रम्पेटने कुठल्या मात्रेला उठायचं हे लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे मैफल पुन्हा उभी करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं. ती करावीशी का वाटावी, हे कळायला मात्र १९६१ च्याही मागे जावं लागतं.

जूडी गार्लंडचं खरं नाव फ्रान्सिस गम. जन्म १० जून १९२२, मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्स या गावी. घरच व्होडव्हिलचं, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या फिरत्या खेळांचं. पोरगी कळायला लागायच्या आधीच बहिणींबरोबर मंचावर गात होती. १९३५ मध्ये एमजीएम स्टुडिओने तिला करारात बांधलं. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधली डोरोथी आणि तिचं ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणं जगभर गेलं. त्याच काळात काम रेटता यावं म्हणून जागं ठेवणाऱ्या गोळ्या आणि मग झोप यावी म्हणून दुसऱ्या गोळ्या, हे चक्रही सुरू झालं. ते अखेरपर्यंत सुटलं नाही. १९५० मध्ये स्टुडिओशी असलेलं नातं तुटलं. १९५१ मध्ये लंडनचं पॅलेडियम आणि न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर गाजवून तिने पहिलं पुनरागमन केलं, १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’ने दुसरं. ऑस्करने मात्र हुलकावणी दिली.

नोव्हेंबर १९५९ मध्ये ती यकृताच्या दुखण्याने न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल झाली. पोटातून कित्येक लिटर पाणी काढावं लागलं. यापुढे अर्धअपंगासारखं जगावं लागेल, कामाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर दीड वर्षाच्या आत कार्नेगी हॉल. मध्ये ऑगस्ट १९६० मध्ये लंडनला तिने एक नवा प्रकार करून पाहिला होता: नर्तक नाहीत, विनोदवीर नाहीत, पहिल्या भागात दुसरे कलाकार नाहीत. फक्त ती आणि वाद्यवृंद, दोन अंक. फ्रेडी फील्ड्स आणि डेव्हिड बेगलमन या नव्या व्यवस्थापकांनी हाच साचा अमेरिकेत गावोगाव नेला आणि त्या दौऱ्यात कार्नेगी हॉलची तारीख आली.

हॉलही नुकताच मरता मरता वाचला होता. इथे वाजवणारा न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद लिंकन सेंटर या नव्या कलासंकुलात जाणार म्हटल्यावर १८९१ ची ही इमारत पाडून तिथे टॉवर उभारायचं ठरत होतं. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी मोहीम उभारली आणि १९६० मध्ये शहराने ५० लाख डॉलरला ती विकत घेतली. वर्षभर आधी वास्तूचा निकाल वेगळा लागला असता तर जूडीची ती मैफल दुसरीकडे कुठेतरी झाली असती, आणि मग रूफसला परत जायला जागाच उरली नसती.

त्या रात्री मॉर्ट लिंडसी वाद्यवृंदाचं संचालन करत होते. सुरुवात वाद्यवृंदाच्या ओव्हर्चरने. त्यात तिच्या ओळखीच्या गाण्यांच्या सुरावटी एकापाठोपाठ येतात आणि प्रत्येक सुरावटीला टाळ्या. मग ‘व्हेन यू आर स्मायलिंग’. नेल्सन रिडलच्या संयोजनातलं, बोंगोच्या ठेक्यावर सुटणारं ‘कम रेन ऑर कम शाइन’. ‘यू गो टू माय हेड’मध्ये ती शब्द विसरते आणि सुचेल ते जुळवत, हसू न दडवता गाणं पार पाडते. मध्येच पॅरिसमधल्या केशभूषाकाराने केसांचं काय करून ठेवलं याचा लांबलचक किस्सा. शेवटाकडे श्रोते उठायला तयार नाहीत, तेव्हा ती म्हणते की मी सगळी गाणी म्हणते, आपण रात्रभर इथेच राहू.

हे सगळं आपल्याला माहीत आहे कारण कॅपिटॉल कंपनीने ते ध्वनिमुद्रित केलं. ‘जूडी अ‍ॅट कार्नेगी हॉल’ हा दोन तबकड्यांचा संच त्याच वर्षी आला, १३ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला आणि ग्रॅमीमध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. हा मान मिळवणारी जूडी पहिली स्त्री. स्टुडिओतल्या चोख ध्वनिमुद्रणात न सापडणाऱ्या गोष्टी या संचात आहेत: धाप, चुका, कुणीतरी ओरडून केलेली फर्माईश, टाळ्यांची लाट. हजारो लोकांनी तो इतक्यांदा ऐकला की कुठल्या ओळीनंतर ती हसते हेसुद्धा पाठ झालं. एका रात्रीचं गाणं असं संहितेसारखं स्थिर झालं, आणि संहिता झाली की तिचा नवा प्रयोग होऊ शकतो. रूफसच्या प्रयोगाचं मूळ माझ्या मते इथे आहे, जूडीच्या आवाजात तेवढं नाही.

हा संच सर्वाधिक जपला तो समलिंगी पुरुषांनी. वारंवार कोसळून पुन्हा उभी राहणारी, भर मंचावर आपली जखम न लपवणारी बाई त्यांना आपली वाटली. ‘डोरोथीचा मित्र’ ही त्यांची आपापसातली खुणेची ओळख होतीच. २२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये, झोपेच्या गोळ्यांचं प्रमाण चुकून जास्त झाल्याने, जूडी ४७ व्या वर्षी गेली. २७ जूनला न्यूयॉर्कमध्ये अंत्यविधी झाला, अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली. त्याच रात्री उशिरा, २८ जून उजाडता उजाडता, पोलिसांनी स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर धाड घातली आणि दंगल उसळली. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध इतिहासकार सहसा मान्य करत नाहीत. दंतकथा मात्र टिकून आहे, आणि दंतकथांचंही एक काम असतं.

रूफसचा जन्म १९७३ चा, वाढला माँट्रियलला. आई केट मॅकगॅरिगल आणि वडील लाउडन वेनराइट तिसरे, दोघंही लोकगीतांच्या परंपरेतले नामवंत. लहानपणी चांगल्या दिवशी मी डोरोथी व्हायचो आणि वाईट दिवशी दुष्ट चेटकीण, असं तो सांगतो. किशोरवयातच त्याने आपण समलिंगी असल्याचं उघड केलं, व्यसनांच्या गर्तेत गेला, २००२ मध्ये उपचार घेऊन बाहेर आला. ११ सप्टेंबरनंतरच्या आणि इराक युद्धाच्या त्या काळात आपल्या देशाचा वीट आलेला असताना त्याने हा संच पुन्हा पुन्हा ऐकला. त्यातली अमेरिका त्याला अजून आशा धरणारी वाटली. जूडीची नक्कल करणारे कलाकार तोवर बरेच होऊन गेले होते. जिम बेली तर त्यासाठीच प्रसिद्ध होता. रूफसने तो मार्ग धरला नाही. तो आला पुरुषी सुटात, व्हिक्टर अँड रॉल्फ यांनी शिवलेल्या. (पुढच्या वर्षी स्वतःच्या दौऱ्यात त्याने ‘गेट हॅपी’साठी जूडीसारखी टोपी, कोट आणि लांब मोजे घातले, तो भाग वेगळा.)

स्टीफन ओरेमस यांच्या हाताखाली ३६ वादक होते. जलद, पितळी वाद्यांनी भरलेल्या गाण्यांत रूफस कमी पडतो. जूडी ज्या जोराने सूर फेकते तो त्याच्या गळ्यात नाही. त्याचा आवाज लांबवत नेणारा, किंचित नाकातला. पण शब्द न बदलण्याचा परिणाम विलक्षण होतो. ‘द मॅन दॅट गॉट अवे’मधला सोडून गेलेला पुरुष तसाच पुरुष राहतो, आणि आता गाणाराही पुरुष. ‘इफ लव्ह वेअर ऑल’ लिहिलं नोएल कॉवर्डने १९२९ मध्ये. स्वतः समलिंगी असलेल्या कॉवर्डने ते एका स्त्रीपात्राच्या तोंडी घातलं. जूडीने ते आपलंसं केलं, रूफसने ते उघड्यावर आणलं. हे गाणं त्याने मनापासून, कुठेही घाई न करता म्हटलं आहे.

‘सॅन फ्रान्सिस्को’ची गंमत निराळी. १९३६ च्या चित्रपटात हे गाणं जनेट मॅकडोनल्डने म्हटलं होतं. रॉजर ईडन्सने जूडीसाठी त्याच्या सुरुवातीला काही थट्टेच्या ओळी जोडल्या: भूकंपाच्या ढिगाऱ्यात उभी राहून गात राहिलेल्या त्या शूर जनेटला मी कशी विसरेन? २००६ मध्ये रूफस जूडीची आठवण काढतो, जूडी जनेटची फिरकी घेते, आणि श्रोत्यांना दोन्ही एकाच वेळी कळतं. तिथे हशा पिकतो तो निव्वळ विनोदाला नाही.

प्रयोग घरगुतीही होता. ‘ओव्हर द रेनबो’ला पियानोवर त्याची आई केट. ‘स्टॉर्मी वेदर’ त्याने बहीण मार्थाला देऊन टाकलं, आणि माझ्या मते सबंध संचातलं सगळ्यात धारदार गाणं तेच आहे. दादापेक्षा तिच्याकडे जूडीचा तो बेफाम जोर अधिक आहे. ‘आफ्टर यू’व्ह गॉन’ला सोबत आली जूडीची धाकटी मुलगी लोर्ना लफ्ट. १९६१ च्या त्या रात्री आठ वर्षांची लोर्ना त्याच सभागृहात होती.

२००७ मध्ये हाच कार्यक्रम लंडनचं पॅलेडियम, पॅरिसचं ऑलिम्पिया आणि लॉस एंजेलिसचा हॉलिवूड बोल इथे झाला. डिसेंबरात ‘रूफस डझ जूडी अ‍ॅट कार्नेगी हॉल’ हा अल्बम निघाला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. २०१६ मध्ये दशकपूर्तीला तो पुन्हा कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला; तेव्हा तो ४२ वर्षांचा, म्हणजे त्या रात्रीच्या ३८ वर्षांच्या जूडीहून मोठा. पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याने कॅपिटॉलच्या स्टुडिओत चौघा वादकांसह जूडीची गाणी म्हटली. समोर श्रोता एकच: २०१९ च्या चित्रपटात जूडीची भूमिका केलेली रेने झेलवेगर. त्या वेळी रूफस जूडीच्या अख्ख्या आयुष्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा होता. ते ध्वनिमुद्रण १० जून २०२२ रोजी, तिच्या जन्मशताब्दीला, प्रसिद्ध झालं. या वेळी १९६१ चा क्रम त्याने पाळला नाही आणि त्या रात्री नसलेली काही गाणीही घेतली.