बोटांच्या सांध्यांचा सायनोव्हायटिस

सांध्याच्या पोकळीला आतून सायनोव्हियम हे पातळ अस्तर असते. निरोगी सांध्यात ते जेमतेम एकदोन पेशींच्या जाडीचे असते आणि वंगणाचा द्रव तयार करते. हे अस्तर सुजून जाड होणे म्हणजे सायनोव्हायटिस. हातांच्या बोटांत त्याचे एक मोठे कारण रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते.

सकाळी भाकरी थापताना बोटे वळत नाहीत, कोल्हापुरी चपलेची वेणी विणताना किंवा हुपरीत चांदीच्या पैंजणाची कडी जोडताना चिमूट बसत नाही, ही तक्रार ‘कामानं आलंय’ म्हणून सोडून दिली जाते. कामाने ठणका वाढतो, पण आमवात कामामुळे होत नाही. बोटांच्या मुळाशी असलेले आणि मधल्या पेरांचे सांधे बहुधा दोन्ही हातांचे सुजतात. टोकाजवळचे सहसा वाचतात. सुजलेला सांधा चिमटीत धरून दाबला तर लिबलिबीत लागतो. उतारवयातल्या झिजेच्या गाठी हाडासारख्या टणक असतात. सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल तर कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयात आधी मेडिसिन विभाग गाठावा.

वेदनाशामक गोळीने दुखणे थांबते, अस्तर मात्र वाढतच राहते आणि कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) व हाड कुरतडते. ही झीज भरून येत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांतला उपचार सर्वांत मोलाचा. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावाच. सोबत फॉलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी लागते. गरोदरपणात हे औषध चालत नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; तोवर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, किंवा एखाद्याच हट्टी सांध्यात त्याचे इंजेक्शन. बिननावाच्या पुड्यांनी झटपट आराम पडला तर त्यांत छुपे स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. मेथोट्रेक्सेटने भागले नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज पेटवणारे ठरावीक घटक अडवणारी औषधे देतात, मात्र आधी क्षयरोगाची तपासणी करून.

महिनोन्‌महिने औषध घेऊनही एखादे बोट दाद देत नसेल, पण कूर्चा शाबूत असेल, तर जाड अस्तर शस्त्रक्रियेने काढतात. नंतर सांधा थोडा आखडू शकतो, तेव्हा कारागिराने बोट किती वळेल हे आधीच विचारून घ्यावे. अस्तर पुन्हा वाढू शकते, त्यामुळे गोळ्या चालूच राहतात.