नायट्रो इंजिन किती तापू द्यायचं?

मैदानावर नायट्रो गाडी, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी छोटी रिमोटची गाडी, घेऊन आलेल्या मुलाच्या हातात हल्ली रिमोटच्या जोडीला टेंपरेचर गनही (लांबून तापमान मोजणारं यंत्र) असते. दोन-चार फेऱ्या झाल्या की गाडी थांबवायची, इंजिनाच्या हेडवर, म्हणजे वरच्या झाकणावर, लाल ठिपका धरायचा आणि आकडा वाचायचा. कमी आला तर निडल (कार्बोरेटरमधून जाणारं इंधन कमी-जास्त करणारी सुई) आवळायची, जास्त आला तर सैल करायची. ही रीत सोपी आहे म्हणून पसरली, पण तिच्यापायी चांगली इंजिनं एकाच हंगामात बाद होतात. सांगली-सातारा हा इंजिनं कळणारा मुलूख. १९१० पासून किर्लोस्करवाडी इथेच आहे, आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा आवाज घरात बसून ऐकत ते पाणी ओढतंय की नुसतं धडधडतंय हे सांगणारी माणसं या गावांमध्ये होती. तोच कान या छोट्या इंजिनाला लावला, तर गनवर एवढं विसंबावं लागणार नाही.

आकडा आधीच सांगून टाकतो. ग्लो प्लगच्या (हेडमध्ये बसवलेल्या, मिश्रण पेटवणाऱ्या प्लगच्या) बुडाशी मोजलं तर बहुतेक नायट्रो इंजिनं १०५ ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान नीट चालतात. गन फॅरनहाइटमध्ये असेल तर साधारण २२० ते २५०. सतत ९५ च्या खाली राहणं वाईट, १३०-१३५ च्या वर जाणं त्याहून वाईट. पण हा आकडा गाठायचा म्हणून निडल फिरवायची नसते. निडलने जुळवायचं असतं ते हवा आणि इंधन यांचं प्रमाण. तापमान ठरतं ते या प्रमाणावर, त्या दिवशीच्या हवेवर, गाडीच्या वजनावर, गिअरिंगवर आणि बॉडीच्या काचेला हवेसाठी पाडलेल्या भोकावर. इतक्या गोष्टींतून आलेल्या एका आकड्यावरून त्यातली नेमकी कुठली बिघडली आहे हे सांगता येत नाही.

इंजिनाचा आकार बघा. १/८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश) बग्गीत ३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. म्हणजे पिस्टन वरखाली होताना जी जागा मोकळी होते ती चहाच्या चमच्याहूनही लहान. हे इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे सहज घेतं. सेकंदाला ५०० फेरे, आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे सेकंदाला ५०० स्फोट. हवा-इंधन आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, या सगळ्याला मिळून एका सेकंदाचा पाचशेवा भाग मिळतो. आणि हे सगळं स्पार्कशिवाय. ना मॅग्नेटो, ना कॉइल.

स्पार्कच्या जागी असतो ग्लो प्लग. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना तिला सुमारे दीड व्होल्टचा सेल लावून लाल करतात. इंजिन लागलं की सेल काढून टाकतात, तरी गुंडाळी लालच राहते. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांना दिसलं होतं की जळाऊ वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरलेली प्लॅटिनमची तापलेली तार ज्योत नसतानाही तांबडी राहते. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायू आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो, त्यातून उष्णता निघते आणि तारेला तापलेली ठेवते. नायट्रो इंजिनात मिथेनॉलची वाफ तेच काम करते, शिवाय प्रत्येक स्फोटाची धग असतेच.

पण स्पार्क नाही म्हणजे टायमिंगही पक्कं नाही. मोटरसायकलमध्ये ठिणगी कधी पडणार हे आपण ठरवतो. इथे मिश्रण पेट घेतं ते दाब, प्लगची धग आणि हेडची उष्णता यांचा मेळ बसेल तेव्हा. इंजिन जास्त तापलं की मिश्रण लवकर पेटतं. लवकर पेटलं की पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब वाढतो, इंजिनावर ताण येतो आणि ते आणखी तापतं. आणखी तापलं की आणखी लवकर पेटतं. म्हणून १२० वरून १४० वर जायला इंजिनाला वेळ लागत नाही. सरळ रस्त्यावरची एखादी लांब फेरी पुरते. एका टप्प्यानंतर उष्णताच उष्णता वाढवू लागते.

आता इंधन. या टाकीत पेट्रोल अजिबात नसतं. मुख्य घटक मिथेनॉल, त्यात बहुधा १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन, आणि उरलेलं तेल. नायट्रोमिथेनच्या एका किलोत पेट्रोलच्या जेमतेम पाव भागाएवढीच ऊर्जा असते, तरी ताकद वाढते ती त्याच्यामुळेच. कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून बसलेला असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.५ किलो, नायट्रोमिथेनला फक्त १.७ किलो. इंजिनात एका फेऱ्याला हवा मावते तेवढीच मावते, त्यामुळे हिशेब हवेच्या किलोवर करायचा. तो केला की पेट्रोल आणि मिथेनॉल जवळपास बरोबरीत येतात आणि नायट्रोमिथेन दोघांच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देतं. रसायनशास्त्राचा इतका थेट फायदा मैदानावर डोळ्यांसमोर दिसावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मिथेनॉलचं दुसरं काम इंजिन गार ठेवायचं. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलच्या साधारण तिप्पट. ही उष्णता इंजिनाच्या आतूनच शोषली जाते. शिवाय वंगणाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं, वेगळी ऑइल टाकी नसते. म्हणजे निडल आवळून इंधन कमी केलं की त्याच प्रमाणात आतून गारवा देणारी वाफ कमी होते आणि पिस्टनला मिळणारं तेलही कमी होतं. लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी मिळणारं, इंजिन घातक असतं ते या दोन्ही गोष्टी एकदम होतात म्हणून. एरंडेलाचा अंश असलेलं इंधन अशा वेळी थोडं सांभाळून घेतं. एरंडेल उच्च तापमानातही धातूला चिकटून राहतं, म्हणूनच पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांमध्ये ते वापरत. त्याचा चिकट तांबूस थर नंतर हेडवर आणि सायलेन्सरमध्ये बसतो, तो साफ करावा लागतो.

इंजिन फार थंड चालवणं वाईट का, हे अनेकांना माहीत नसतं. बहुतेक नायट्रो इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. सिलिकॉन जास्त असलेल्या अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी), एवढंच. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद कातलेली असते. नवं थंड इंजिन हाताने फिरवलं तर पिस्टन वर पोचताना घट्ट अडकल्यासारखा होतो. इंजिन तापलं की पितळ त्या अॅल्युमिनियमपेक्षा जास्त प्रसरण पावतं, वरचा भाग सर्वांत तापत असल्यामुळे तो जास्त फुलतो आणि स्लीव्ह जवळजवळ सरळ होते. ही बैठक चालू तापमानासाठीच कातलेली असते. ७०-८० अंशांवर इंजिन पळवलं तर प्रत्येक फेऱ्यात पिस्टन त्या अरुंद भागात घासत जातो आणि कनेक्टिंग रॉडला झटका बसतो. नवं इंजिन 'जपायचं' म्हणून खूप रिच (इंधन जास्त) आणि थंड चालवणारे नेमकं हेच करतात. त्यापेक्षा सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने हेड ६०-७० अंशांपर्यंत गरम करून घ्यावं. पहिल्या टाक्या थोड्या रिच ठेवाव्यात, पण तापमान ९५ च्या आसपास येऊ द्यावं.

कार्बोरेटरला साधारणपणे दोन निडल आणि एक आयडल स्क्रू असतो. हाय स्पीड निडल पूर्ण थ्रॉटलचं इंधन ठरवते, लो स्पीड निडल आयडलचं (गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हाचं) आणि उचल घेण्याचं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की लीन, उलट फिरवलं की रिच. एका वेळी फेऱ्याच्या बाराव्या भागापेक्षा जास्त फिरवू नये, आणि फिरवल्यावर दोन फेऱ्या पळवल्याशिवाय मत बनवू नये. आधी इंजिन पूर्ण तापवायचं, मग हाय स्पीड बघायचं. लांब सरळ पल्ल्यावर आवाज मोकळा व्हावा आणि मागे निळसर धुराची बारीक रेघ राहावी. आवाज फाटका, अडखळता आणि धूर दाट असेल तर रिच. टोकाला जाऊन आवाज चिरका झाला आणि धूर गायब झाला तर लीन. अशा वेळी गनची वाट न पाहता लगेच थ्रॉटल सोडावा.

लो स्पीडसाठी चिमटीची चाचणी उत्तम. तापलेलं इंजिन आयडलवर असताना कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची. दोन ते चार सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडलं तर जुळणी ठीक. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन काही क्षण चढ्या आवाजातच राहत असेल तर ते बहुधा लीन आहे. आयडल स्क्रूने दाबून टाकायचा हा दोष नाही.

गन इथेच अपुरी पडते. हाय स्पीड निडल लीन आणि लो स्पीड निडल रिच असेल तरी गनवर ११० दिसू शकतात, कारण आयडलला थांबलेलं इंजिन आतून ओलं आणि गार होतं. दोन्ही बरोबर असताना सुद्धा ११०च दिसतील. पहिलं इंजिन सरळ पल्ल्यावर पिस्टन जाळत असतं, दुसरं वर्षभर टिकतं.

शिवाय गन नेहमी खरं सांगतेच असं नाही. ती वस्तूतून निघणारं अवरक्त प्रारण मोजते आणि पृष्ठभाग जवळजवळ काळा आहे असं धरून आकडा काढते. अॅनोडाइज केलेल्या हेडला ते बऱ्यापैकी लागू पडतं. पॉलिश केलेलं चकचकीत अॅल्युमिनियम मात्र तेवढ्याच तापमानाला फार कमी प्रारण सोडतं, त्यामुळे १३० अंशांचं हेड गनवर बरंच थंड दिसू शकतं. म्हणून गन वरून, सरळ प्लगच्या खोबणीत, आणि प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून धरावी. गन नसेल तर भाकरीच्या तव्यावर मारतात तसा पाण्याचा थेंब हेडवर टाकावा. तीन-चार सेकंदांत चुरचुरून उडाला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर जास्त. फक्त एक ध्यानात असू द्या: सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे, तिथे पाणी १०० नव्हे तर साधारण ९७-९८ अंशांना उकळतं.

उंचीचा परिणाम पाण्यापेक्षा हवेवर मोठा असतो. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलं की उंची सुमारे ६०० मीटरने वाढते आणि हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. कार्बोरेटरमधून हवा वस्तुमानाने कमी जाते, पण इंधन तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून मिश्रण रिच होतं. खाली जुळवलेली गाडी वर जाऊन मंद वाटते, तेव्हा निडल थोडी आवळायची. उतरून आल्यावर ती परत सैल करायला विसरलात तर मात्र इंजिन गेलं. पावसाळ्यात हेच दमटपणामुळे होतं: २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत तीन टक्क्यांहून जास्त जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते, तेवढा ऑक्सिजन कमी.

सगळ्यात फसवी असते ती डिसेंबरातली सकाळ. एप्रिलमध्ये सांगलीत पारा ४० वर असताना गाडी जुळवली, गनवर ११५ दिसले, सगळं छान चाललं. तीच गाडी थंडीत १२ अंशांवर बाहेर काढली. थंड हवा सुमारे १० टक्के दाट, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि त्याच निडलवर मिश्रण आपोआप लीन. निडल सैल करायची गरज आहे. पण गनवर आकडा दिसतो ९०, कारण हेडच्या फिन्समधून (गार होण्यासाठीच्या पात्यांमधून) जाणारी उष्णता हेड आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरते आणि तो फरक आता कितीतरी वाढलेला आहे. आकड्याच्या मागे लागलेला मुलगा ११५ गाठायला निडल आणखी आवळतो. आधीच लीन असलेलं इंजिन आणखी लीन होतं, तेल आणखी कमी मिळतं, आणि गनवर आकडा अगदी 'बरोबर' दिसत असताना पिस्टन खरवडला जातो. बरोबर उपाय वेगळा आहे. निडल धूर आणि आवाजावर जुळवायची, आणि तापमान वाढवायचं ते बाहेरून: हेडच्या खालच्या फिन्सवर अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळायची किंवा बॉडीचं हवेचं भोक अर्धं झाकायचं. उन्हाळ्यात याच्या उलट, काचेचा भाग मोकळा कापून हवा वाढवायची आणि निडलला हात लावायचा नाही.

इंधनाची काळजी मात्र कुठल्याच ऋतूत सुटत नाही. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. मुलांना एकटं इंधन भरू देऊ नका, आणि ते तापलेल्या इंजिनावर सांडू देऊ नका. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे कॅन उघडा राहिला तर तेच इंधन आठवडाभराने निराळं वागतं आणि दोष निडलला जातो.

दिवस संपला की टाकी रिकामी करून, उरलेलं इंधन आयडलवर जाळून इंजिन बंद करावं. आत राहिलेल्या मिथेनॉलला ओल लागते आणि बेअरिंगना गंज चढतो, म्हणून कार्बोरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे काही थेंब टाकून इंजिन दोन-चार वेळा फिरवावं. मग पिस्टन तळाला आणून ठेवावा. वर राहिला तर गार होताना स्लीव्हचा अरुंद भाग त्याच्याभोवती आवळतो आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताना पहिल्याच ओढीला ताण येतो. पिस्टन तळाला असतानाची जागा फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवली की प्रत्येक वेळी प्लग काढून आत डोकावायला लागत नाही.