शालेय नेतृत्व आणि प्रशासनातली ऑनलाइन मास्टर्स डिग्री

नोकरी न सोडता मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक किंवा शिक्षण खात्यातल्या एखाद्या प्रशासकीय पदाची तयारी करायची असेल तर शिक्षक मंडळी हा पदव्युत्तर कोर्स करतात, आणि तो पूर्ण किंवा बराचसा इंटरनेटवरून होतो. प्रत्येक विद्यापीठात नाव वेगळं, कुठे एम.एड. इन एज्युकेशनल लीडरशिप, कुठे एम.ए., कुठे एम.एस., पण आतला अभ्यास थोड्याफार फरकाने तोच. अमेरिकेत ही डिग्री बहुतेक ठिकाणी 30 ते 36 क्रेडिटची असते आणि शाळा सांभाळून करणाऱ्याला साधारण दीड-दोन वर्षं लागतात.

आता शिक्षकाला यासाठी वेगळी डिग्री कशाला, तर चांगलं शिकवणारा माणूस आपोआप चांगला मुख्याध्यापक होत नाही. वर्ग सांभाळणं वेगळं, आणि कालपर्यंत स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा तास बघून त्याला काय कमी पडतंय ते तोंडावर, पण त्याचा मान राखून सांगणं वेगळं, हे शिकावंच लागतं. शिक्षण संशोधक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये वॉलेस फाउंडेशन या अमेरिकन दानसंस्थेसाठी जो अहवाल केला त्यात म्हटलंय की शाळेतल्या ज्या गोष्टींचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो त्यात वर्गातल्या अध्यापनानंतर दुसरा नंबर नेतृत्वाचा. म्हणजे या खुर्चीत कोण बसतं याने मुलांना खरंच फरक पडतो.

अभ्यासक्रम कशावर बेतायचा याचे अमेरिकेत ठरलेले मानक आहेत. पहिले 1996 चे, आयएसएलएलसी (इंटरस्टेट स्कूल लीडर्स लायसेन्शर कन्सॉर्शियम) नावाचे, त्यांच्या जागी 2015 मध्ये पीएसईएल (प्रोफेशनल स्टँडर्ड्स फॉर एज्युकेशनल लीडर्स) आले आणि त्यात 10 मानकं आहेत: शाळेचं ध्येय, नैतिकता, समता, अध्यापन, मुलांची काळजी, शिक्षकांची वाढ, पालकांचा सहभाग, रोजचा कारभार वगैरे. इंग्लंडने वेगळी वाट धरली, तिथे 1997 मध्ये एनपीक्यूएच ही मुख्याध्यापकांसाठीची पात्रता सुरू झाली, मध्ये काही वर्षं ती नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची होती, 2012 पासून ऐच्छिक आहे. ती विद्यापीठाची मास्टर्स नव्हे.

विषय म्हणाल तर शिक्षण कायदा, बजेट, कर्मचारी व्यवस्थापन, निकालाचा डेटा वाचणं, विशेष गरजा असलेल्या मुलांचे हक्क, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तास निरीक्षण. ते ऑनलाइन कसं होतं ते बघण्यासारखं आहे. कोर्स करणारा आधी एका शिक्षकाशी बसून तासाचं उद्दिष्ट ठरवतो, मग मागच्या बाकावर बसून मिनिटामिनिटाला शिक्षक काय बोलले, प्रश्न कुणाला विचारला, उत्तरासाठी किती थांबले ते जसंच्या तसं लिहितो, मत एकही लिहायचं नाही, फक्त दिसलं-ऐकलं तेवढंच. नंतरची चर्चा व्हिडिओवर रेकॉर्ड करून कोर्सच्या पोर्टलवर टाकायची आणि प्राध्यापक त्या व्हिडिओत जागच्या जागी शेरे देतात, की इथे तुम्ही शिक्षकाला बोलूच दिलं नाहीत, इथे प्रश्न विचारायच्या ऐवजी सल्ला दिलात. हे वर्गात बसून ऐकलेल्या लेक्चरपेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातं, म्हणून ऑनलाइन म्हणजे पातळ अभ्यास असं सरसकट म्हणणं मला पटत नाही.

बाकी रोजचं काम कॅनव्हास, मूडल असल्या पोर्टलवर चालतं. वाचन आणि चर्चा आपल्या वेळेनुसार, अधूनमधून संध्याकाळी लाइव्ह तास. काही ठिकाणी एकाच बॅचचे लोक शेवटपर्यंत बरोबर असतात, आणि ते फार उपयोगी पडतं कारण खेड्यातल्या लहान शाळेतला आणि महानगरातल्या मोठ्या शाळेतला माणूस एकाच प्रश्नावर बोलायला लागतो. 1997 मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी या अमेरिकेतल्या ऑनलाइन विद्यापीठासारख्या ठिकाणी तर सगळ्यांनी एकाच वेगाने जायची अट नाही, क्षमता सिद्ध केली की पुढे जायचं.

पण या डिग्रीचा जो भाग घरबसल्या होतच नाही तो म्हणजे इंटर्नशिप. प्रत्यक्ष शाळेत, अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली, ठरलेले तास काम करून त्याची नोंद ठेवायची आणि सही घ्यायची. किती तास ते राज्यावर आणि विद्यापीठावर अवलंबून. खरी ओढाताण इथेच होते, कारण दिवसभर स्वतःचे तास घेणाऱ्याला मोकळा वेळ मिळतो तो सकाळी शाळा भरण्याआधी नाहीतर सुटल्यावर, आणि मग त्याच्या वाट्याला बसच्या रांगेवर आणि जेवणाच्या सुट्टीत लक्ष ठेवणं एवढंच येतं. टाइमटेबल बांधणं, शिक्षक भरतीच्या मुलाखतीत बसणं, चिडून आलेल्या पालकांशी बोलणं, बजेटची फाइल उघडून बघणं हे मिळालं नाही तर तास भरतात आणि हाताशी काही लागत नाही. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधीच मार्गदर्शक मुख्याध्यापक कोण, ते आपल्याला काय काय करू देणार हे स्पष्ट बोलून घ्यावं. कोर्स निवडताना फी आणि नावाच्या आधी मी हेच बघायला सांगेन.

दुसरी गोष्ट परवान्याची. डिग्री मिळाली म्हणजे मुख्याध्यापक व्हायचा परवाना मिळाला असं नसतं. अमेरिकेत परवाना राज्य देतं, बऱ्याच राज्यांत त्यासाठी काही वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो आणि काही ठिकाणी एसएलएलए ही शाळाप्रमुखांच्या परवान्याची परीक्षाही द्यावी लागते, ती ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था घेते. एका राज्यातल्या विद्यापीठाचा कोर्स दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही, आणि ऑनलाइनमध्ये नेमकी हीच गडबड होते, त्यामुळे आपला कोर्स कुठल्या राज्यात परवान्याला चालतो हे विद्यापीठांनी जाहीर करायचं असा केंद्रीय नियम जुलै 2020 पासून लागू आहे. तरी आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाकडून लेखी विचारून घेतलेलं बरं. विद्यापीठाच्या मान्यतेचंही तसंच, मान्यता देणारी संस्था स्वतः अधिकृत आहे का तेही तपासावं, कारण पैसे घेऊन कागद देणारी दुकानं या क्षेत्रातही आहेत.

डिग्रीनंतर बहुतेक जण थेट मुख्याध्यापक होत नाहीत, आधी उपमुख्याध्यापक, विभागप्रमुख किंवा अभ्यासक्रम समन्वयक म्हणून काही वर्षं काढतात, आणि ज्यांना जिल्हा पातळीवर जायचंय ते पुढे एड.डी. म्हणजे शिक्षणातल्या डॉक्टरेटकडे वळतात, तीही आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन करता येते.