घरच्या वापरासाठी कॅमकॉर्डर निवडताना: खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

कॅमकॉर्डरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो पिक्सेलचा आकडा, आणि त्याच्या खालोखाल झूमचा. घरासाठी कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस साहजिकच याच दोन आकड्यांची तुलना करतो. पण घरचा व्हिडिओ कोणत्या परिस्थितीत निघतो ते आधी पाहू. बहुतेकदा संध्याकाळ असते आणि खोलीत दिव्याचा उजेड असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर नसून कुणाच्या तरी हातात असतो. ज्याचं बोलणं टिपायचं तो माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. कमी उजेड, हलता हात आणि लांबून येणारा आवाज, या अडचणींपुढे कॅमेरा किती टिकतो हे त्या दोन ठळक आकड्यांवरून जवळजवळ काहीच कळत नाही.

सर्वांत मोठी अडचण उजेडाची. भर दुपारच्या उन्हात उजेड १,००,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास असतो, तर दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स. म्हणजे कित्येक शे पटींनी कमी. आपले डोळे इतक्या सहज जुळवून घेतात की हा फरक आपल्याला जाणवतही नाही. सेन्सरची मात्र सुटका नसते.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनची छोटी चौकोनी चिप. तिच्यावर प्रकाशकण पडले की इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन जमले ते मोजून चित्र तयार होतं. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडी या सेन्सरची कल्पना मांडली आणि २००९ मध्ये त्यासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आजच्या कॅमेऱ्यांत बहुतेक सीमॉस सेन्सर असतात. त्यांचं आधुनिक रूप १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं. तंत्र बदललं तरी मोजायचे असतात ते प्रकाशकणच, आणि ते ठरावीक अंतराने, शिस्तीत येत नाहीत.

पाऊस नुकताच सुरू होताना अंगणातल्या फरश्यांकडे पाहिलं तर एका फरशीवर पाच थेंब पडलेले दिसतात आणि शेजारच्या, तेवढ्याच फरशीवर दोन. जोराची सर आली की साऱ्या फरश्या सारख्याच भिजतात. प्रकाशाचंही असंच आहे. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर त्यात साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे १ टक्का. डोळ्याला तो दिसत नाही. पण सरासरी १०० वर आली की चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के होतो आणि चित्रभर मुंग्या वळवळू लागतात. हा कॅमेऱ्यातला बिघाड नव्हे, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे. सॉफ्टवेअर या मुंग्या पुसून काढू शकतं, पण त्यांच्यासोबत चेहऱ्यावरच्या बारीक रेषाही पुसल्या जातात. खरा उपाय एकच, जास्त प्रकाश गोळा करणं.

त्यासाठी माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली सेन्सरचा आकार. १/२.३ इंच प्रकारचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. १ इंच प्रकारचा १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर, चौपट मोठा. (यातला इंच सेन्सरची लांबी सांगत नाही. जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ही मोजणी रूढ झाली आणि तशीच राहिली.) काही साध्या कॅमकॉर्डरमध्ये तर १/५.८ इंच प्रकारचा सेन्सर असतो. त्याचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर. उन्हात त्याचं चित्र छान येतं, संध्याकाळी घरात मात्र त्याची दमछाक होते.

दुसरी गोष्ट म्हणजे लेन्सचा एफ आकडा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. एफ १.८ ची लेन्स एफ २.८ च्या लेन्सपेक्षा जवळपास अडीच पट प्रकाश आत घेते. लेन्सवर ‘१.८–४.०’ असे दोन आकडे असतील तर दुसरा आकडा पूर्ण झूमचा समजावा. तिथे प्रकाश सुमारे पाच पटींनी घटतो. अंधाऱ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून रंगमंचावरच्या मुलीवर झूम केलं की चित्र एकदम खरखरीत होतं, त्याला हेही कारण असतं.

आता पिक्सेलकडे येऊ. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोर-के चित्रात ८३ लाख. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल चौपट केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव भाग प्रकाश येतो. काही स्वस्त यंत्रांच्या सेन्सरवर तर तेवढे पिक्सेल नसतातच. शेजारच्या बिंदूंवरून अंदाज बांधून मधले बिंदू भरले जातात आणि खोक्यावर मोठा आकडा छापला जातो. म्हणून व्हिडिओ काढताना प्रत्यक्षात किती पिक्सेल वापरले जातात, तो आकडा पाहावा. तो कुठेच दिलेला नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

झूमचंही तसंच. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो. १० पट डिजिटल झूम केलं की उरतो शंभरातला एक पिक्सेल. ऑप्टिकल झूममध्ये लेन्समधली भिंगं खरोखर सरकतात आणि पिक्सेल सगळे कामी येतात, त्यामुळे तुलना फक्त ऑप्टिकल झूमचीच करावी. इथे एक अडचण आहे. मोठ्या सेन्सरसाठी लांब पल्ल्याची लेन्स बनवायची तर ती अवजड होते. हातात मावणाऱ्या कॅमकॉर्डरमध्ये २० किंवा ३० पट झूम बसतं, कारण त्याचा सेन्सर लहान असतो. थोडक्यात, एक हवं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. शाळेचे कार्यक्रम आणि मैदानावरचे सामने टिपायचे असतील तर झूम महत्त्वाचं. घरातलं रांगणारं बाळ टिपायचं असेल तर मोठा सेन्सर आणि रुंद दृश्य घेणारी लेन्स हवी. खोलीतली सगळी माणसं एका चौकटीत मावायला लेन्सचं सुरुवातीचं नाभीय अंतर (ते जितकं लहान तितकं दृश्य रुंद), ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात, २८ मिलिमीटरच्या आसपास असावं. ४० असेल तर चित्र काढणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते.

हाताची थरथर कुणालाच चुकलेली नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक कंप पावत असतो. २८ मिलिमीटरच्या रुंद दृश्यात कॅमेरा अर्ध्या अंशाने हलला तर चित्र आपल्या रुंदीच्या सव्वाशेव्या भागाइतकंही सरकत नाही. २० पट झूमवर चौकटीत फक्त साडेतीन-चार अंशांचा कोन मावतो, आणि तोच अर्धा अंश चित्राला रुंदीच्या सातव्या भागाइतका धक्का देतो. यावर ऑप्टिकल स्थिरीकरण हा चांगला उपाय आहे. आतले जायरो संवेदक हालचाल ओळखतात आणि लेन्समधलं एक भिंग उलट दिशेला सरकवलं जातं. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चौकटीच्या कडा कापून चित्र जागच्या जागी ठेवतं. पण कमी उजेडात एकेक चित्र १/५० सेकंद उघडं राहतं आणि तेवढ्या वेळात फरफटलेला चेहरा नंतर सरळ करता येत नाही. त्यामुळे झूम मोठं असेल तर ऑप्टिकल स्थिरीकरणाशिवाय कॅमेरा घेण्यात अर्थ नाही.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. थोडं धूसर चित्र आपण चालवून घेतो, पण आजी काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही तर त्या व्हिडिओचा जीवच जातो. बोलणाऱ्यापासून अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता पाव होते. १ मीटरऐवजी ४ मीटरवर ती सोळाव्या भागावर येते, तर भिंतींवरून परतणारा घुमारा आणि पंख्याची घरघर जवळजवळ तेवढीच राहते. झूम करून चेहरा जवळ आणता येतो, आवाज नाही. कॅमेरा आपोआप आवाज वाढवतो तेव्हा घरघरही त्यासोबत वाढते. म्हणून बाहेरचा माइक लावायला ३.५ मिलिमीटरची खाच आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावलेला साधा माइकही कॅमेऱ्यावरच्या चांगल्या माइकपेक्षा स्पष्ट ऐकतो. चित्र थोडं कमी प्रतीचं पण माइकची खाच असलेला कॅमेरा आणि उत्तम चित्राचा पण खाच नसलेला कॅमेरा यांत निवडायचं झालं, तर मी पहिलाच घेईन.

चित्र साठवण्याचा हिशेब थक्क करणारा आहे. सेकंदाला २५ चित्रं धरली तर फुल एचडीची कच्ची, न दाबलेली माहिती सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होते, तासाला ५६० गिगाबाइट. मेमरी कार्डावर मात्र तासाला ११ गिगाबाइटच्या आसपास जागा लागते. ही काटछाट ज्या गणितावर उभी आहे ते डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म (चित्रातले डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे वेगळे काढून वगळू देणारी रीत) नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये मांडलं. त्याच्या जोडीला, एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदललं तेवढंच नोंदवायचं. मुंग्यांचा त्रास इथेही होतो. त्या प्रत्येक चित्रात नव्या असतात, त्यामुळे सगळीकडे काहीतरी बदललं असं कॅमेऱ्याला वाटतं आणि चेहऱ्यासाठीचे बिट मुंग्या नोंदवण्यात खर्च होतात. फुल एचडीसाठी सेकंदाला २० मेगाबिटच्या (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) वरचा दर मिळत असेल तर चांगलं. कमी दरात कोंबलेल्या फोर-केपेक्षा असं फुल एचडी बरं दिसतं.

दिव्यांचीही एक खोड असते. ५० हर्ट्झ विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवरचे १२० वेळा. आपल्या भागातली वीज ५० हर्ट्झची असेल तर कॅमेऱ्यात सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांची सोय हवी, नाहीतर व्हिडिओवर पट्टे सरकताना दिसू शकतात.

फोन हातात असताना कॅमकॉर्डर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साध्या कॅमकॉर्डरपेक्षा मोठा असतो, त्यामुळे घरातल्या संध्याकाळच्या उजेडात फोनच सरस ठरण्याची शक्यता जास्त. कॅमकॉर्डरचं बळ आहे लांब ऑप्टिकल झूममध्ये, दीड-दोन तास सलग चालण्यात, बदलता येणाऱ्या बॅटरीत आणि मध्येच कुणाचा फोन न येण्यात. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, आणि तिच्या पहिल्या उपयोगांत कॅमकॉर्डर होता. सलग अर्धा तासच रेकॉर्ड करणारे अनेक जुने फोटो-कॅमेरे दिसतात. युरोपात जास्त वेळ चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेरा म्हणून जकात लागत असे, ती टाळायला ही मर्यादा घातली गेली.

विकत घेण्यापूर्वी स्वतःचं कार्ड घालून एक मिनिट चित्रण करून पाहता आलं तर आवर्जून पाहावं. सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवावा, कुणालातरी तीन मीटरवरून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावं, मग पूर्ण झूम करून हातातच धरून ठेवावा. ते चित्रण कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर नाही, मोठ्या पडद्यावर आणि कानाला हेडफोन लावून तपासावं.

कार्ड घेताना त्यावर व्ही३० ही खूण पाहावी, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी मिळते. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे लांब कार्यक्रमाचे तुकडे झालेले दिसले तर घाबरू नये. फक्त सगळे तुकडे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून, चालवून पाहून, मगच कार्ड पुसावं.